आईंचे गाणे विकले गेले तेव्हा

मित्रांनो, एका लहानशा ब्यूटी पार्लरमध्ये, आरशाशेजारच्या फळीवर माझे बिऱ्हाड आहे. मी एक जुना रेडिओ. माझे एक बटण कधीच हरवले. त्या जागी पार्लर चालवणाऱ्या ताईंनी नेलपॉलिशच्या बाटलीचे टोपण बसवले आहे. गळा मात्र अजून ठणठणीत आहे.

मला घरी आणले ते ताईंच्या आईंनी. त्या वाचनालयात नोकरीला होत्या. सकाळी लेकीची वेणी घालताना त्या मला लावायच्या. एका जुन्या सिनेमातले नदीवरचे गाणे लागले की त्यांचा हात मंदावायचा.

"आई, शाळेला उशीर होतोय!" लेक कुरकुरायची.

"गाणं संपू दे गं, मग पळ."

घरात सगळे त्याला 'आईचं गाणं' म्हणत. ते लागले की कौतुक माझे व्हायचे, जणू मीच ते रचले होते!

पुढे लेकीने पार्लर काढले आणि मला सोबत नेले. ती गिऱ्हाइकांची ताई झाली. मोबाइल आल्यावर माझ्यावर धूळ साचली, पण ताईंनी मला भंगारात काढले नाही, अधूनमधून लावतही.

एके दिवशी माझ्यातून तीच चाल निघाली आणि शब्द भलतेच आले. नदीच्या जागी केसांचा रंग! एका कंपनीने जाहिरातीसाठी गाणे विकत घेतले होते. मला कसेसेच झाले. ताईंना मात्र आनंद झाला. त्यांनी तो रंग लगेच मागवला.

आईंच्या निवृत्तीचा निरोप समारंभ जवळ आला होता. त्या हौसेने खुर्चीत येऊन बसल्या.

"नवीन दिसतोय गं रंग. चांगला आहे ना?"

"अगं, तुझंच गाणं आहे त्याच्यावर. वाईट कसा असेल?"

आई हसल्या. खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद ताईंनी न वाचताच टोपलीत टाकला. आयुष्यभर पुस्तकांत वावरलेल्या आईंनीही तो मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी आईंचा चेहरा सुजून टम्म झाला. डोळे उघडेनात, धाप लागली. त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. समारंभ त्यांच्याविनाच उरकला.

ताईंनी उरलेली खोकी विक्रेत्यापुढे आदळली. तो शांतपणे म्हणाला, "आधी कानामागे थेंबभर लावून बघा, असं कागदावर छापलंय की. वाचायला नको?"

"माझं चुकलंच," ताई म्हणाल्या. "पण गाता एवढ्या मोठ्यानं, आणि सांगता एवढ्या बारीक अक्षरांत?"

त्यांनी कंपनीलाही हेच लिहिले. उत्तर आले नाही. आता त्या कुठलाही रंग आधी कानामागे लावून पाहतात आणि गिऱ्हाइकाला दोन दिवसांनी यायला सांगतात. काहीजणी नाक मुरडून दुसरीकडे जातात.

आई बऱ्या झाल्या. परवा त्या पार्लरमध्ये बसल्या असताना माझ्यावर गाणे लागले. अस्सल, जुने, नदीवरचे. मी जीव ओतून गाऊ लागलो. आईंनी उठून मला बंद केले.

"आई, जाहिरात नव्हती गं. खरं गाणं होतं."

"हो का?" आई खाली बसत म्हणाल्या. "मला आता फरक कळत नाही."

मित्रांनो, गाणी मनसोक्त ऐका. पण एखादी वस्तू विकत घेताना घटकाभर मला गप्प करा आणि तो बारीक अक्षरांचा कागद वाचा. मला मुळीच राग येणार नाही.