आप्पा स्वावलंबी ठरले

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात एक मुकादमीण होती. तिला पाठीमागे सगळे 'वाफ' म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. ती चिडली की इस्त्री वायर न लावताच तापते अशी तिथे बोलवा होती, आणि हे आपल्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं दरवर्षी वाढतच चालली होती.

वाफेला रागवायला एरवी कारण लागत नसे. यंदा मात्र कारण चालून आलं, आणि तेही सरकारी.

तिचे वडील आप्पा. जन्मभर एका मोठ्या हॉटेलात हेडवेटर. आता त्यांना विसरायचा आजार जडला होता. सकाळी लेकीला ओळखत नसत, दुपारी स्वतःला. गॅस सुरू करून काडी शोधायला दुसऱ्या खोलीत जात आणि तिकडेच रमत. एकदा परक्याच्या घरात शिरून तिथल्या मंडळींना वाढून आले आणि टीप मिळाली नाही म्हणून दोन दिवस रुसून बसले. दुपारची पॅन्ट ओली झाली की दोष नेहमी शेजारच्याचा.

अशा माणसाला घरी एकटं ठेवून कामावर जायचं कसं? तर त्यासाठी होतं दिवसकेंद्र. सकाळी म्हाताऱ्यांना आणून सोडायचं, संध्याकाळी घेऊन जायचं. मधल्या वेळात तिथल्या बायका त्यांना जेवू घालत, मोरीत नेत, कपडे बदलत, आणि तीच गोष्ट चाळीसदा ऐकून चाळिसाव्यांदाही 'अगंबाई, खरंच?' म्हणत. इमारत म्हणाल तर छपराला इतकी भोकं की पाऊस आधी आत पडायचा आणि मग बाहेर. पण सरकारी अनुदान येत होतं आणि गाडा चालला होता. अनुदान थांबलं तर वाफेपुढे दोनच वाटा होत्या, नोकरी सोडायची नाहीतर आप्पांना बाहेरून कुलूप घालून जायचं. पलीकडच्या गल्लीत एकीनं आईला तसं कोंडायला सुरुवात केली होती. वाफ त्या घरासमोरून जाताना मान फिरवून जाई.

तर त्या केंद्राची तपासणी निघाली. खात्यातून साहेब येणार, म्हाताऱ्यांना बघणार, आणि अनुदान चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार.

आता आपल्या माणसांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. पाहुणा येणार म्हटलं की पसारा पलंगाखाली ढकलायचा आणि नवी चादर काढायची. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी फरशी अशी घासली की माशा घसरून पडायला लागल्या. आणि वाफेनं काय केलं? सगळ्या म्हाताऱ्यांचे कपडे गाठोडं बांधून हॉस्पिटलात नेले, खळ घातली, मोठ्या इस्त्रीखालून काढले. त्या दिवशी केंद्रातले म्हातारे बसल्यावर कपड्यांचा करकर आवाज येत होता.

साहेब आले. आप्पांनी दारातच कमरेत वाकून त्यांचं स्वागत केलं, खुर्ची मागे ओढून दिली, पाण्याचा पेला न हिंदकळवता ठेवला आणि एक पाऊल मागे सरून उभे राहिले. हात अजून विसरले नव्हते. निवृत्त मास्तरांनी एकोणतीसचा पाढा अडखळल्यावाचून म्हटला. तेच मास्तर पाच मिनिटांपूर्वी जेवलो की नाही हे दाराला विचारत होते, पण ते साहेबांनी थोडंच ऐकलं? पाहुण्यापुढे तासभर ताठ बसायचं बळ म्हाताऱ्या हाडांत कुठून येतं देव जाणे. साहेब गेले आणि सगळे मोडलेल्या खाटांसारखे कोसळले. आप्पा तर लेकीला चोर समजून संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात बसून राहिले.

केंद्राच्या बाई मात्र खुशीत होत्या. आपली लाज राखली म्हणाल्या.

पंधरवड्यानं निकाल आला. लाभार्थी स्वावलंबी आढळले. टापटीप राहतात, स्मरणशक्ती उत्तम. सबब अनुदानाची गरज दिसत नाही.

वाफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग आला तो आलाच, पण त्याहून जास्त त्या खळीचा आला. ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं, आणि लपवलेलं भांडं वर घासूनपुसून चकचकीत केलेलं.

ती खात्यात जाऊन धडकली. साहेब माणूस वाईट नव्हता, आवाज चढवत नव्हता, पाणी विचारत होता. अशा माणसावर रागावणं फार जड जातं, पण वाफेनं ते जमवलं. आजार म्हणजे काय, तो कपड्यांवर लिहिलेला असतो का, अंगावर इस्त्री आहे म्हणजे ती त्या माणसानंच केली का, असं सगळं तिनं विचारलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फेरतपासणी देऊ केली.

"पण ताई, गरज दिसली पाहिजे," ते म्हणाले. "मला जे दिसतं तेच मी लिहिणार."

केंद्राच्या बाईंनी याचा सरळ अर्थ काढला. फेरतपासणीच्या दिवशी कुणी आंघोळ घालायची नाही. दाढी नको, फणी नको, ओलं झालं तर ओलंच राहू द्या. बघू दे म्हणावं डोळे भरून. सगळ्या घरांनी माना डोलावल्या. वाफेनंही डोलावली, कारण कुलूप डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

त्या सकाळी आप्पा उठले ते ओल्या पायजम्यात. पलंगाच्या काठावर बसले आणि मांड्यांवर दोन्ही हात पसरून तो डाग झाकायला लागले. लेक कोण ते कळत नव्हतं, पण समोर परकी बाई उभी आहे एवढं कळत होतं.

"बाई, जरा बाहेर जाता का," ते हळूच म्हणाले. "मी नीट नाहीये."

वाफ बाहेर गेली. भिंतीकडे तोंड करून तिनं अशा शिव्या दिल्या की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. साहेबांना दिल्या, केंद्राच्या बाईंना दिल्या, आणि सगळ्यात जहाल त्या मान डोलावणाऱ्या स्वतःला. मग बंब पेटवला. आप्पांना आंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. जन्मभर ज्या माणसानं कॉलरला डाग पडू दिला नाही, त्याला भीक मागायला घाण करून बसवणार? चुलीत गेलं अनुदान.

केंद्रात पोचली तर ओळीनं सगळे बसलेले. पारोसे, केस पिंजारलेले, वास येत असलेले. मास्तर पाढे म्हणत नव्हते. त्यांना काय झालं होतं ते त्यांना कळत नव्हतं, पण मान वर होत नव्हती. केंद्राच्या बाईंनी आप्पांचा सदरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बुडवलंस गं आम्हाला," म्हणाल्या.

साहेब ओळीवरून फिरले. नाकाला रुमाल होता. गरज आता स्पष्ट दिसते आहे म्हणाले, अनुदान चालू ठेवायला हरकत नाही म्हणाले. मग आप्पांपाशी थांबले. आप्पांनी वाकून नमस्कार केला आणि साहेबांचा कोट घ्यायला हात पुढे केला.

"यांचं नाव तेवढं कमी करावं लागेल," साहेब म्हणाले. "हे गृहस्थ घरी राहू शकतात."

सगळ्यांना वाटलं आता छप्पर उडणार. पण वाफ अशी थंड झाली की धुलाईखात्यातल्या कुणी पाहिलं असतं तर पळालं असतं. तिनं आप्पांचा हात उचलला आणि साहेबांच्या हातात दिला.

"हो, राहू शकतात. मग आज राहू द्या तुमच्याबरोबर. मला कामाची पाळी गाठायची आहे." आणि केंद्राच्या बायकांकडे वळून तिनं बजावलं, "यांचं नाव कमी झालंय. यांना कुणी हात लावायचा नाही."

आणि ती खरोखर निघून गेली. साहेब हात सोडवायला बघत होते, पण चाळीस वर्षं भरलेले ट्रे पेललेली ती बोटं. आवळली की सुटत नसत.

पुढे काय झालं याच्या हकिकती प्रत्येकजण वेगळ्या सांगतो. कुणी म्हणतं आप्पांनी साहेबांना सगळ्या ओळीला पाणी वाढायला लावलं आणि पेला चुकीच्या बाजूनं ठेवला म्हणून तीनदा झापलं. कुणी म्हणतं आप्पा फाटकातून सुटले आणि साहेब एक बूट घालून भर चौकापर्यंत मागे धावले. मोरीतल्या प्रसंगाबद्दल मात्र एकमत आहे. तिथे साहेबांना वेळेवर आप्पांचं बटण सोडवेना, आणि मग दोघांच्याही पॅन्टी बदलाव्या लागल्या. केंद्राच्या बाईंनी साहेबांना केंद्रातला पायजमा दिला. नाडी त्यांनी आप्पांकडूनच बांधून घेतली म्हणतात, पण ते मी सोडून देतो.

संध्याकाळी वाफ आली. साहेब बाकावर बसले होते, अंगात केंद्राचा पायजमा, हात अजून आप्पांच्या हातात. आप्पांनी लेकीकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि तिला बाजूला बोलावून हळूच सांगितलं, या बिचाऱ्यांना घरी पोचवायला हवं, यांना काही सुचत नाही.

"रोज असंच असतं?" साहेबांनी विचारलं.

"आज त्यांचा चांगला दिवस होता," वाफ म्हणाली.

आठवड्याभरात नाव परत लागलं. अनुदानही आलं. केंद्राच्या बाईंनी हात जोडले, मास्तरांना आंघोळ मिळाली, जो तो वाफेची पाठ थोपटायला लागला. साहेब आता सुधारले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पुढच्या तपासणीची काळजी नको, असं बाई सांगत होत्या.

वाफ ऐकत होती आणि तिचा राग उतरायच्या ऐवजी चढतच होता. पुढच्या तपासणीला तेच साहेब येतील कशावरून, तिनं विचारलं. बदली झाली तर?

"खात्यात साहेब पुष्कळ आहेत," वाफ म्हणाली. "एकेकाला असं शिकवत बसायला माझ्याकडे आप्पा एकच आहेत."