पंखा थांबेपर्यंत

मी ओव्हरहेड प्रोजेक्टर बोलतोय. दिवा आत्ताच बंद झालाय, पण पंखा अजून फिरतोय. तो थांबला की माझी वायर गुंडाळून मला भंगाराच्या गाडीवर चढवतील. तेवढ्या वेळात मला सगळं सांगायचंय, तेव्हा मध्ये बोलू नका.

तुम्ही मला पाहिलंही नसेल. मी म्हणजे एक पेटी. पोटात दिवा, वर काच आणि काचेवर वाकलेली उंच मान. काचेवर पारदर्शक कागद ठेवून लिहायचं, की समोरच्या पडद्यावर अक्षरं हत्तीएवढी! स्वभावानं मी तापट. दहा मिनिटांत माझी पाठ तव्यासारखी होते.

कारखान्यातून मी थेट अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराकाठच्या या तांब्याच्या खाणींच्या गावात आलो, भर बर्फात. मिसेस आयली हार्यू तेव्हा नुकत्याच गणित शिकवायला लागल्या होत्या. जुन्या मास्तरांनी मला पाहून नाकं मुरडली. "खडूनं काय घोडं मारलं होतं?" म्हणाले. आयलीबाईंनी मात्र मला ढकलत वर्गात नेलं आणि म्हणाल्या, "यांचं ऐकू नकोस. हे कशालाच हो म्हणत नाहीत."

बाकीचे शिक्षक तास संपला की वायर खस्सकन ओढायचे आणि जेवायला पळायचे. पंख्याची घरघर त्यांना नको असायची. मग तापलेला दिवा फुटला की म्हणायचे, यंत्रच रद्दी! आयलीबाई तसं कधी करत नसत. दिवा बंद करायचा, पंखा चालू ठेवायचा, मी निवेपर्यंत हलवायचं नाही. तेवढ्यात त्या आपली पेस्टी चंदेरी कागदात गुंडाळून माझ्या पाठीवर ठेवायच्या. पेस्टी म्हणजे आपल्या करंजीची थोरली बहीण, पोटात मांस आणि बटाटा. मुलं ओले हातमोजे माझ्या गरम वाऱ्यावर धरायची. लोकर, बटाटा आणि शाई यांचा तो मिश्र वास मला अजून आठवतो.

बाईंच्या खिशात दोन पेनं असायची. आलेखाच्या रेघांसाठी पक्क्या शाईचं आणि गणितासाठी कच्च्या शाईचं, जे ओल्या अंगठ्यानं पुसता येई. त्यांचा अंगठा वर्षभर निळा. लिहिताना त्यांचं तोंड कायम मुलांकडे.

डेला नीमी याच वर्गात शिकली. तिचे हातमोजे सगळ्यांत ओले असायचे. कॉलेज करून ती इथेच शिक्षिका झाली आणि सगळ्यांना नवी यंत्रं शिकवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. पोरगी हुशार, पण तिखट. पटकन तापायची. मला ती आपल्यातलीच वाटायची.

यंदा भिंतीवर बोटानं चालणारा मोठा पांढरा फळा आला. मुख्याध्यापक पेन्हेल यांनी तो कुणाला न विचारता बसवला आणि स्वतः त्याला एकदाही हात लावला नाही. मोठ्यांची ही खोड मला कधी समजली नाही.

"गुरुवारी मी तुमच्या तासाला बसणार," ते बाईंना म्हणाले. "नव्या सामानावर शिकवता आलं तर ठीक. नाहीतर आठवी डेलाकडे देऊ. तुम्ही ग्रंथालय बघा."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पेस्टी गारच खाल्ली.

शाळा सुटल्यावर डेलाची शिकवणी सुरू झाली.

"इथे दाबा, बाई. तिथे नाही, इथे. अहो, एकदाच!"

"पण तू आत्ता काय केलंस ते मला दिसलंच नाही गं."

"जाऊ द्या, मीच करते." आणि डेलानं फळ्याला जोडलेल्या संगणकाचा माउस हिसकावून घेतला. रोज हेच. डेलाचा हात भराभर चालायचा आणि बाईंचा हात मांडीवर पडून राहायचा.

मंगळवारी बाई डेलाशिवाय, भरल्या वर्गात नव्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीकडे पळतो. तो खिशात गेला आणि नेमकं पक्क्या शाईचं पेन घेऊन आला. समीकरण लिहून झालं. अंगठा ओला करून पुसायला गेल्या, तर शाई हलेना.

"बाई, थुंकीनं नाही जायचं, हातोडा आणू का?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला. बाईंची पाठ वर्गाकडे होती, त्यामुळे कोण हसलं हेही त्यांना कळलं नाही.

आवाज ऐकून शेजारच्या वर्गातून डेला धावत आली. "अहो बाई, पेनावर काय लिहिलंय ते वाचायचं तरी!"

शिकत असताना डेलाच्या किती चुका या वर्गात झाल्या, पण मुलांसमोर बाईंनी कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. बाईंचा निळा अंगठा तीच रेघ घासत राहिला. तो डेलाला दिसला आणि तिचा चेहरा उतरला.

तिनं साध्या पांढऱ्या फळ्यावरचं, पुसता येणारं पेन बाईंच्या हातात दिलं. "याच रेघा यानं गिरवा, आणि ओल्या असतानाच कापडानं पुसा. पक्की शाईसुद्धा सोबत निघते." एवढं बोलून तिनं स्वतःचे हात पाठीमागे बांधले. बाईंनी गिरवलं, पुसलं. फळा लख्ख! पोरांनी बाकं बडवली.

संध्याकाळी डेला माझ्याशेजारी येऊन बसली. "मगाशी चुकलंच माझं."

"तुझं डोकं पहिल्यापासून गरम," बाई म्हणाल्या. "जरा पंखा चालू ठेवत जा."

डेला हसली आणि मग तिनं पहिल्यांदाच विचारलं, "बाई, तुम्हाला नेमकं अडतं कुठे?"

"पाठीत. या फळ्यावर लिहायचं तर मुलांकडे पाठ करावी लागते. कुणाला समजलं नाही ते त्यांच्या तोंडावर दिसतं गं. माझ्या पाठीला कसं दिसणार?"

डेला उठली आणि सामानाच्या खोलीतून एक न उघडलेला खोका घेऊन आली. आत वाकलेल्या मानेचा कॅमेरा होता. त्याच्याखाली साधा कागद ठेवून लिहिलं, की तेच मोठ्या फळ्यावर दिसतं. त्याची मान बघून मला गलबलून आलं. अगदी माझीच! डेलानं एकदा करून दाखवलं आणि हात पाठीमागे घेतले. बाई चुकल्या, पुन्हा चुकल्या. डेलानं ओठ चावले, पण हात सोडले नाहीत.

गुरुवारी पेन्हेलसाहेब मागच्या बाकावर बसले. बाई मुलांकडे तोंड करून लिहीत होत्या. मध्येच थांबल्या. "सोरेन, दुसऱ्या ओळीला तुझी गाडी घसरली ना? तोंडावरच दिसतंय. परत सांगते."

तास संपल्यावर साहेब म्हणाले, "आठवी तुमच्याकडेच राहू द्या." मग हळूच डेलाला म्हणाले, "माझ्या खोलीतला फळा जरा लावून देतेस?"

"दाखवते," डेला म्हणाली. "बोट तुमचंच लागेल, सर."

आणि आज माझी जायची वेळ झाली. बाईंनी माझा दिवा शेवटचा लावला. शिकवलं काहीच नाही. पोरांनी माझ्या उजेडात हातांचे ससे आणि हरणं नाचवली. गाडीवाला दारात घाई करत होता. डेलानं वायरीला हात घातला आणि आपणहून मागे घेतला.

"थांबा थोडं," ती त्याला म्हणाली. "अजून गरम आहे तो."

मला आणखी काय हवं होतं? उद्या तुम्ही कुणा थोरल्या माणसाला नवं यंत्र शिकवायला बसलात, तर एकच करा. आपले हात पाठीमागे बांधा आणि त्यांचे चालू द्या.

पंखा मंदावतोय. बाई, पेस्टी उचला. गरम झालीय.