चंचलचं पूर्ण वाक्य

रीता मॅडम म्हणाल्या, "नाव चंचल ठेवलं तुम्ही, आणि पोरगी तोंड उघडत नाही. परीक्षेपर्यंत एखादं वाक्य पूर्ण बोलली तर पहिलीत घेऊ. नाहीतर पुन्हा केजीतच बसेल."

मले असा राग आला का काय सांगू बाप्पा. मॅडमचा नाई, पोरीचा. नालवाडीच्या त्या इंग्रजी शाळेत तिले घालाले म्या घर डोक्यावर घेतलं होतं. माहा नवरा सूरज म्हणे, साध्या शाळेत घालू. म्या म्हणलं, तुम्ही गप राहा. मी सेवाग्रामले मेडिकलच्या पोरींच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. त्या पोरी कशा फटाफट बोलतात, रोज आयकते. अन् आश्रमशाळेत मी बोलली का बाकीच्या पोरी कशा हासत, तेही भुलली नाई. आमच्या घरी गोंडी. मराठी मले शाळेतच भेटली.

"घरी कोण बोलतं तिच्याशी?" मॅडमनं विचारलं.

"आजी असते ना दिवसभर," म्या म्हणलं, अन् पोरीले घेऊन उठली.

आजी म्हणजे माही सासू, रामबाई. आर्वीकडच्या गावातून तिले खास पोरीसाठी आणलं. चंचल शाळेत जाऊ लागली तशी म्याच सांगतलं, "आई, पोरीसमोर गोंडी बोलाची नाई. तिचं सारं बिघडते." बिचारीनं मराठी धरली. बजारापुरती मराठी तिची. "चंचल आला, भात खाल्ला," असं बोले. म्या तेही तोडलं. "चुकीचं बोलण्यापेक्षा बोलूच नका आई, पोरगी तेच शिकन." मंग बुढी मूग गिळून बसली. आधी दोघी आंगणात तांदूळ निवडता निवडता चिमण्यावानी बोलत. आता सुपाचा तेवढा आवाज येते. अन् मी मेसमध्ये सांगत फिरली का आमच्या घरी अभ्यासाले कशी शांती आहे.

रस्त्यानं पोरीचं मनगट धरून चालली होती. "तोंड शिवलं का तुह्यं?" विचारणार होती मी. पण ते तोंड कोणं शिवलं, हे माह्याच ध्यानात आलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाले बोलणार?

घरी आली तं सासू आंगणात सूप घेऊन बसली होती. आमाले पाहून नुसती हासली.

बोलाले जड गेलं, खोटं नाई सांगत. पण म्हणलं. "आई, माही चूक झाली. तुम्ही बोला पोरीशी. गोंडीत बोला. मी काही म्हणत नाई."

तिनं सूप बाजूले ठेवलं. माह्याकडे पाह्यलं, मी खरंच म्हणून राह्यली का ते. मंग लुगड्याले हात पुसले, चंचलले जवळ ओढलं अन् हळूच गोंडीत काहीतरी सुरू केलं. किती दिवसांनी तो आवाज आयकला म्या.

चंचलनं घाबरून माह्याकडे पाह्यलं. आजीच्या तोंडावर पटकन आपला हात ठेवला, अन् तिच्या कानाशी वाकली.

"आजी, तू बोलू नको, नाई तं आई रागावते."

पूर्ण वाक्य होतं. एकही चूक नव्हती त्यात.