पांढरा राहिलेला वाटसरू

मी एक जुना जपानी कागद आहे, तुतीच्या सालीचा. माझ्या अंगावर बर्फाळ घाट चढणारे पाच वाटसरू छापलेले आहेत. चौघे पुढे गेलेत, पाचवा मागे पडलाय. त्याच्या अंगरख्यावरचा निळा रंग, मित्रांनो, जरा निरखून पाहा. तो छापलेला नाही. बोटाने लावलेला आहे.

चेरीच्या लाकडाच्या सात फळ्यांवर मला कोरले होते, प्रत्येक रंगाची फळी वेगळी. फळीला रंग लावायचा, वर कागद ठेवायचा आणि पाठीवरून घासायचे. सातदा घासले की चित्र पुरे होई. पण नवे वर्ष दाराशी आले होते आणि दुकानदार घाई करत होता. माझ्या वेळी छपाईवाल्या यासाकूने सहाव्या फळीनंतरच मला दोरीवर टाकले.

"अरे, याची निळी फळी राहिली," शेजारचा कारागीर म्हणाला.

"राहू दे की. सगळ्यात मागचा तर आहे तो. बर्फात कोण बघतंय त्याचा अंगरखा?"

असा माझा पाचवा वाटसरू पांढराच राहिला. आणि आमच्याकडे माणसाला पांढरे नेसवतात ते शेवटच्या प्रवासाला.

गेन्पाची नावाच्या हमालाने मला विकत घेतले. तो पाठीवर ओझी घेऊन घाटापलीकडे जाई. घरी त्याची म्हातारी आई तोरा, बायको किनू आणि पाच वर्षांची मित्सू होती. किनू कापड निळीत रंगवायची. तिची नखे बारा महिने निळी असत. गेन्पाचीने मला चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवले.

"हा शेवटचा दिसतोय ना, तो मी," तो हसत म्हणाला.

"अहो, पण तो पांढरा का?" किनूने विचारले.

"बर्फ पडलंय अंगावर. तू रंगारीण, तुला सगळीकडे रंगच हवा!"

किनू हसली नाही.

अकराव्या महिन्यात तो घाटापलीकडे गेला. दहा दिवसांत येतो म्हणाला होता. किनू रोज दुपारी माझ्याखाली त्याच्या नावाचे ताट मांडू लागली. भात, मुळ्याचे लोणचे आणि झाकण घातलेल्या वाटीत मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, गरम कढण. थोड्या वेळाने ती झाकण उचलून उलटे करी. आत पाण्याचे थेंब जमलेले असले, की वाटेवरचा माणूस सुखरूप आहे असे आमच्याकडे मानतात. रोज थेंब असत. रोज ती श्वास सोडी.

दहा दिवस गेले, पंधरा गेले. घाट बर्फात बुडाला. सोळाव्या दिवशी तोराची नजर माझ्यावर पडली ती हललीच नाही.

"सूनबाई, नवऱ्याला जिवंतपणी पांढरं नेसवून भिंतीवर टांगलंस होय गं?"

"तुमच्याच लेकाने लावलंय ते, सासूबाई."

"त्याला अक्कल होती कधी!" म्हातारी म्हणाली, पण दार उघडून घाटाकडे बघून आली.

त्याच दुपारी दोघी सरपण आणायला मागे गेल्या आणि मित्सू ताटापाशी आली. दिवस तंगीचे होते आणि वाटीत टोफूचा तुकडा होता. तिने झाकण उचलले, तुकडा तोंडात टाकला. झाकणावरचे थेंब तिच्या हातावर ओघळले तशी ती दचकली. बाहीने झाकण लख्ख पुसून तिने ते परत ठेवले. कढण तोवर निवले होते.

हे फक्त मी पाहिले.

किनूने येऊन झाकण उलटे केले. कोरडे. तिने त्यावरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले. मग ती उठून गवताचे बूट बांधू लागली.

"जातेस कुठे? घाट म्हणजे काय तुझं परसदार आहे?" तोरा ओरडली.

"ते तिथे पडले असतील, सासूबाई. मी नाही गेले तर कोण जाणार?"

मित्सू माझ्याखाली उभी होती, ओली बाही मुठीत धरून. ती बाही तिने पाठीमागे लपवली. मला वाटले, आपण ओरडावे. पण कागदाला कुठले तोंड!

सून ऐकत नाही म्हटल्यावर म्हातारीने खुंटीवरचा गेन्पाचीचा जाड निळा अंगरखा ओढला. किनूनेच रंगवलेला. "हा घाल वरून. त्या फिक्या कापडात जाऊ नकोस. मेले, निदान दिसशील तरी!"

दार लागले. बर्फ पडतच राहिले, ते मध्यरात्री थांबले. तोराने दुसरे ताट मांडले, सुनेचे. झाकण मात्र तिने एकाही वाटीचे उचलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी धप्प झाले. गेन्पाची होता, धडधाकट; पलीकडच्या धर्मशाळेत बर्फ थांबायची वाट पाहत बसलेला. त्याच्या पाठीवर किनू होती, डोळे मिटलेली.

"वाटसरूंना राखणाऱ्या जिझो देवाच्या दगडी देवळीपाशी पडली होती," तो धापा टाकत म्हणाला. "अर्धी बर्फाखाली. निळं दिसलं म्हणून थांबलो. पांढरं असतं तर तुडवून पुढे आलो असतो, आई."

किनू जगली. डाव्या पायाची बोटे मात्र गेली. पुढे जन्मभर ती कुठेही निघाली, की सगळ्यांच्या मागे पडायची.

गेन्पाची परतला त्याच संध्याकाळी मित्सूने निळीच्या रांजणात बोट बुडवले आणि माझ्या पाचव्या वाटसरूला लावले. रंग रेषेबाहेर बर्फातही पसरला. कुणी रागावले नाही. बाहीचे तिने कधीच कुणाला सांगितले नाही.

आता डोंगराच्या पोटातून आगगाडी जाते. घाटात गवत माजलेय. मला कसर लागली आहे, माझे दोन वाटसरू धुराने पुसट झालेत. मित्सूचे केस पांढरे झाले. तिचा धाकटा मुलगा शिपाई होऊन समुद्रापार लढाईवर गेलाय, तीन महिन्यांत पत्र नाही. ती रोज माझ्याखाली त्याचे ताट मांडते.

"झाकण उघडून बघ की गं," शेजारीण म्हणते.

"नको," मित्सू म्हणते. "झाकणाला काही कळत नाही."

पण तिथून उठतही नाही.

मित्रांनो, हातातले काम सोडताना शेवटच्या फळीचा आळस करू नका. आणि चूक झाली, तर बाही लपवू नका. तेवढ्यात कुणीतरी बूट बांधत असते. रांगेत सगळ्यात मागे जो चालतो, त्याचीही घरी कुणी वाट पाहत असते. त्याला रंग द्या. तो दिसला पाहिजे.

वाटीची वाफ माझ्यापर्यंत येते आहे. झाकण बंद आहे.