चपला बाहेर काढाव्यात

एकलहऱ्याच्या आमच्या वीज प्लांटच्या कॉलनीतल्या वाचनालयात चार पेपर, दोन कपाटं कादंबऱ्या आणि ग्रंथपाल दीपमाला, एवढंच काय ते उरलं होतं. कोण बदली होऊन गेलं, कोण रिटायर होऊन गावाकडं. राहिले ते मोबाईलवर वाचतात, म्हणजे वाचत नाहीत.

त्यात राज्याची एक योजना निघाली. निवडलेल्या छोट्या वाचनालयांची मोठ्या ग्रंथालयांशी जोडी लावून द्यायची. त्यांची पुस्तकं आपल्याकडं फिरती येणार, मोठ्या अक्षरांतली येणार, कानाला लावून ऐकायचीसुद्धा येणार, ग्रंथपालाला पुण्यात ट्रेनिंग मिळणार. अट एकच, रोज वाचक येत असले पाहिजेत. निवड झाली नाही तर सगळी पुस्तकं नाशिक रोडला पाठवून इथं कुलूप लावायचं, हे आमच्या कमिटीनं ठरवूनच टाकलेलं. दीपमाला लग्न होऊन आल्यापासून ती खुर्ची सांभाळते. पाहणीला योजनेच्या सुमेधा मॅडम येणार कळलं तेव्हा ती म्हणाली, वाचक आणू कुठून?

मी म्हटलं, वाचक माझ्याकडं लागले.

आमच्या वाचनालयाचा नियम असा की हॉलमध्ये चपला घालून जायचं नाही. बाहेरून येणारा माणूस आधी चपला बघतो आणि आत किती डोकी आहेत ते मनात धरतो. मग डोकी कशाला पाहिजेत? चपला गोळा करू, हॉलचं दार लोटून घेऊ, आत परीक्षेचा अभ्यास चाललाय म्हणून सांगू. मॅडमना बाहेरच्या खोलीत चहा पाजू आणि हात जोडू. दीपमाला आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, चंदरभाऊ, अंगाशी येईल हं.

गोणी घेऊन कॉलनीत दारोदार फिरलो. नाटकाला जुन्या चपला पाहिजेत म्हणून ठोकून दिलं. लोकांनी दिल्याही. शेवटी भिमाजीच्या घरी गेलो. भिमाजी माझा दोस्त, प्लांटवर एकाच शिफ्टला होतो आम्ही. मागच्या उन्हाळ्यात गेला. त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, माळ्यावरून पिशवी काढली, चपला पदरानं पुसल्या.

"परत आणशील ना रं, चंदर?"

"उद्या दुपारी आणतो, वहिनी."

पाहणीच्या दिवशी सकाळीच जाऊन दारात चपला मांडल्या. ओळीत लावल्या तर संशय येतो, म्हणून एक उलटी, एक दुसरीवर चढलेली, एक पार कुंडीपाशी फेकलेली. लय झकास देखावा झाला. आत जाऊन चहा घेतला आणि परत बाहेर आलो, तर सगळ्या चपला जोडीजोडीनं लागलेल्या, तोंडं रस्त्याकडं. निघताना पटकन पाय सरकवता यावेत म्हणून म्हातारी माणसं काढतात तशा.

दीपमालाला विचारलं, तर ती जागची हललीच नव्हती.

तिथं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. जिवंत माणूस जुनी चप्पल सांभाळून ठेवतो का? तुटली की फेकतो. घरात जपून ठेवलेल्या असतात त्या फक्त गेलेल्याच्या. पायात घालवतही नाही, टाकवतही नाही. मी गोणी भरून त्याच आणल्या होत्या. आणि कुठं मांडल्या, तर हे लोक जिवंतपणी रोज सकाळी पेपर वाचायला येऊन जिथं काढायचे तिथंच.

गोळा करायला वाकलो तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

सुमेधा मॅडम चटपटीत बाई. चपलांवरून नजर फिरवली, आपल्या सँडल काढल्या आणि चहाला नाही म्हणून थेट हॉलच्या दाराशी गेल्या. दीपमालानं परीक्षेचं सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, मी आवाज करणार नाही. आणि दार ढकललं.

मी त्यांच्या मागं होतो. आत रिकाम्या खुर्च्या, बंद पंखे, टेबलावर पेपर. संपलं सगळं, असं वाटलं. दीपमालानं डोळे मिटून घेतले.

मॅडमनी आवाज एकदम खाली आणला.

"बसा, बसा. कोणी उठू नका."

आत गेल्या. एका खुर्चीपाशी वाकून काहीतरी बोलल्या, हसल्या, दुसरीकडं वळल्या. एका टेबलापाशी तर बराच वेळ मान हलवत ऐकत होत्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा खुललेला. म्हणाल्या, हल्ली असा भरलेला हॉल बघायला मिळत नाही. चष्म्याला दोरी बांधलेल्या काकांना अक्षर दिसत नाही, मोठ्या अक्षरांतली पुस्तकं पहिल्याच खेपेला पाठवते. पंखे लावा, घामाघूम झालेत सगळे. मी शिफारस करतेय, निवड झाली समजा. मात्र न सांगता अधूनमधून येईन, वाचक एवढे दिसले पाहिजेत.

चष्म्याला दोरी भिमाजीच बांधायचा.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, या चपला आत्ताच्या आत्ता ज्याच्या त्याला देऊन येतो. दीपमाला आडवी आली. तिचं बोलणं पक्कं होतं. "एकही जोड हलवायचा नाही, भाऊ. बाई परत आली तर मी काय दाखवू?"

दुपारी वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. मी अजून चपला आणल्या नाहीत म्हणून तानुबाई स्वतःच निघून आली. आम्ही तिघं दारात आलो, तर फरशी मोकळी. एका कडेला माझी चप्पल, एका कडेला दीपमालाची. बाकी काही नाही.

मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण आज सुचेना. घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. आता शिव्या देईल, नाहीतर रडेल. तिनं आधी फरशीकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं.

"म्हंजे जेवायला गेले," ती म्हणाली. "आन् मी कुलूप घालून आले. उन्हात हुबे असतील दारात."

कनवटीची किल्ली मुठीत धरून ती भराभरा निघाली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जरा उशिरानंच गेलो. दारात सगळे जोड लागलेले होते, आणि त्यांना ताजी माती होती. आत दीपमालानं हॉलचे सगळे पंखे लावले होते आणि ती खुर्च्यांमधून पेपर वाटत फिरत होती, कोणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून.