सगळ्यात पातळ मात्रा

वीब्के येसन अकरा वर्षं उंदरांना सुई टोचत होती. बाल्टिक समुद्राकाठच्या त्या प्रयोगशाळेत बोटुलिनम विषाची ताकद मोजली जाई. तेच विष थेंबाच्याही अंशानं औषध म्हणून वापरलं जातं, म्हणून प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी तिचं मोजमाप व्हायलाच हवं. विष आठ पायऱ्यांनी पातळ करायचं, प्रत्येक पायरीला दहा उंदीर, पोटात सुई, आणि मग तीन-चार दिवस पाहत राहायचं. ज्या पायरीला निम्मे मरतील, त्यावरून त्या बॅचची ताकद ठरायची. सगळ्यात पातळ पायरीचे उंदीर बहुधा तगून राहत. त्यांनाही शेवटी मारावंच लागे, पण त्या पिंजऱ्याकडे पाहताना वीब्केला जरा हलकं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सकाळी ती शेवटच्या, म्हणजे सगळ्यात पातळ पायरीवर आली होती. सातवा उंदीर मुठीत वळवळला, सुई निसटली आणि हातमोज्यातून तिच्या डाव्या अंगठ्याच्या मांसल बुडात शिरली. रक्ताचा एक ठिपका आला. सिरिंजच्या दट्ट्यावर तिचं बोट होतं. तो दाबला गेला की नाही, हे काही केल्या तिला आठवेना.

नियम साधा होता: लगेच सांगायचं. पण सांगितलं की आजची चाचणी रद्द. म्हणजे पुन्हा ऐंशी उंदीर. आणि होतं काय त्या सुईत? उंदीरसुद्धा मरणार नाही एवढं. माणसाला मारायला त्याच्या कितीतरी पट लागतं. तिनं हात खसाखसा धुतला, नवा हातमोजा चढवला आणि उरलेले तीन उंदीर टोचून टाकले.

जेवणाच्या सुट्टीनंतर, दोन वाजता, ती पाहणीला गेली. जहाल मात्रेच्या पिंजऱ्यांत कंबर आवळल्यासारखे झालेले, धापा टाकणारे उंदीर दिसणार हे तिला ठाऊक होतं. पण शेवटच्या पिंजऱ्याशी ती आली आणि जागच्या जागी थिजली. दहाच्या दहा उंदीर अंग फुलवून बसले होते. प्रत्येकाची कंबर गांधीलमाशीसारखी आत ओढलेली. दोन तर कुशीवर पडून नुसते श्वास ओढत होते.

साडेचार तासांत. सगळ्यात पातळ मात्रा.

उंदीर जितक्या लवकर मान टाकतो, तितकं विष जहाल, हे तीच नव्या लोकांना शिकवत असे.

ती संडासात जाऊन आरशासमोर उभी राहिली. पापण्या वर केल्या, खाली केल्या. डावी जरा जड वाटली का? समोरच्या दारावरची पाटी एकच दिसत होती की दोन? तोंडाला कोरड पडली होती. ही भीतीची कोरड, की विषाची? तिनं थुंकी गिळून पाहिली. गिळता आली. पुन्हा गिळून पाहिली. तिसऱ्यांदा गिळायला थुंकीच उरली नव्हती.

डॉक्टर डेटलेफ्सन हे प्रयोगशाळेचे प्रमुख, निवृत्तीला आलेले पशुवैद्य. ती दारात उभी राहिली तेव्हा ते पावाला लोणी लावत होते.

"मोइन, वीब्के," त्यांनी तिकडच्या रीतीनं रामराम केला. "काय गं, भूत पाहिल्यासारखी?"

"डॉक्टर, सकाळी मला सुई लागली. शेवटच्या पायरीची. आणि ते उंदीर... ते मरताहेत."

सुरी त्यांच्या हातातच राहिली. "किती वाजता लागली?"

"साडेनऊला."

"आणि आत्ता सांगतेस? बाई, तू नव्या पोरींना नियम शिकवतेस ना गं!"

"मला वाटलं, पातळ आहे. उगाच पुन्हा ऐंशी उंदीर..."

"उंदीर!" ते ओरडलेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोट घाल. मी फोन करतो."

गाडीत त्यांनी सगळं सरळ सांगितलं. घोड्याच्या रक्तातून केलेलं प्रतिविष असतं. रक्तात फिरणाऱ्या विषाला ते धरतं, पण मज्जातंतूंना जे एकदा चिकटलं ते सोडवत नाही. शिवाय काहींना त्या प्रतिविषाचीच अशी प्रतिक्रिया येते की जिवावर बेततं.

"मग घेऊ की नको?"

"तुझ्या जागी मी असतो तर घेतलं असतं. पण घाबरत घाबरतच."

इस्पितळात प्रतिविषाची नळी लावली तेव्हा तिचा नवरा धावत आला. तो फेरीबोटीवर इंजिनं सांभाळायचा, हात अजून तेलकट होते.

"मला सकाळीच फोन का नाही केलास?"

"तू घाबरला असतास."

"आणि आता काय नाचतोय मी?"

ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. हसताना तोंड एका बाजूला तर गेलं नाही ना? "माझ्याकडे बघ. दोन्ही बाजू सारख्या आहेत?"

"सारख्या आहेत."

"नीट बघ."

तीन दिवस तो हेच सांगत राहिला. दर तासाला नर्स तिला डोळे मिटून घट्ट आवळायला लावी, घोटभर पाणी गिळायला लावी. शेजारी श्वासाचं यंत्र तयार ठेवलेलं होतं. वीब्के झोपेला भ्यायची. झोपेत छाती चालायची थांबली तर कळणारही नाही, असं तिला वाटे. डोळा लागला की पिंजऱ्यातले ते श्वास ऐकू येत आणि ती दचकून उठून स्वतःचे श्वास मोजू लागे.

चौथ्या दिवशी डाव्या अंगठ्यानं तिला पेला धरता येईना. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासलं. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू लुळा पडला होता, बाकी सगळं शाबूत. म्हणजे दट्ट्या दाबला गेला होता.

चौकशीत कळलं ते असं: विष पातळ करताना गेसानं, त्याच खोलीतल्या दुसऱ्या तंत्रज्ञ बाईनं, एक नळी चुकीची उचलली होती. शेवटच्या पायरीला जवळजवळ पहिल्या पायरीइतकं जहाल विष गेलं होतं. चाचणी रद्द झाली. ऐंशी उंदीर पुन्हा लागले, आणि ते टोचायचे गेसाच्याच वाट्याला आले.

अंगठा हलायला मे उजाडला. गेसा केक घेऊन घरी आली. दारातच रडू लागली.

"वीब्के, मी तुला मारलंच असतं गं."

"हो," वीब्के म्हणाली. तिनं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "मीही बोलले नाही ना. तासन्‌तास बोलले नाही. आत ये, बाहेर गार आहे."

दोघींनी कॉफी घेतली. केक कापलेला तसाच वीब्केच्या ताटलीत राहिला. गेसाच्या हातचं काही तोंडात घालायला तिचं मन धजेना, आणि गेसाच्या ते ध्यानात आलं होतं.

जूनमध्ये डेटलेफ्सननी विचारलं, "उंदरांच्या खोलीत परत येतेस?"

वरच्या मजल्यावर बशांमध्ये वाढवलेल्या पेशींवर ताकद मोजायची नवी पद्धत आकार घेत होती. मंजुरी मिळायला अजून दोन-तीन वर्षं लागणार होती, तोवर खाली उंदीरच.

"वर जाते," वीब्के म्हणाली. "शिकायला वेळ लागेल, पण जाते."

"शहाणी आहेस," ते म्हणाले आणि त्याच दुपारी त्यांनी तिच्या बदलीच्या कागदावर सही केली.