मासा, मजूझा आणि वाक्निनबाई

तिर्त्साच्या घरात मशीहा येऊन गेला आहे. आम्हा ज्यूंच्या बाकी इमारतीत तो अजून यायचा आहे. एवढा फरक सोडला तर शुक्रवार संध्याकाळच्या शब्बाथच्या मेणबत्त्या, दाराच्या चौकटीवर तिरकी लावलेली मजूझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली डबी, सगळं आमच्यासारखंच. बैठकीत मात्र एक लाकडी पाटी आहे. वर सात दिव्यांची समई, खाली मासा आणि दोघांच्या गुंत्यातून झालेला तारा. समई आणि तारा कुणाला खुपत नाहीत. भांडण आहे ते माशाशी; ती येशूला, त्यांच्या भाषेत येशुआला, मानणाऱ्यांची खूण.

त्या गुरुवारी तिर्त्साच्या मुलीला बघायला बेर-शेव्याहून होणाऱ्या जावयाची, नेहोराईची आई येणार होती. मार्सेल वाक्निन ही बाई परक्या दुकानाच्या मजूझालाही हात लावून बोटं ओठांना टेकवते. आणि ती नाही म्हणाली तर नेहोराई लग्न करणार नाही, हे तिर्त्साच्या होदायाला पक्कं ठाऊक होतं.

तिर्त्सा सकाळपासून पाटी घेऊन घरभर हिंडत होती. शेवटी समोरच्या माझ्या दारात आली. "सिमहामावशी, तासभर ठेवाल?"

"ठेवते की. पण माझ्या मुलीला बघायला कुणी आलं, तर मासा तू सांभाळायचास."

हे ऐकून तिने पाटी परत नेली आणि आपल्याच धुण्याच्या यंत्रामागे सरकवली. तिचा नवरा एल्काना कामावरून आला आणि रिकामी भिंत बघून तडकला. "येशुआची लाज वाटते ना? मग या घराला मजूझा तरी कशाला?" त्याने स्क्रू काढले आणि मजूझा खिशात टाकली.

"एल्काना, वेड लागलंय का तुला!"

तेवढ्यात लिफ्ट वर आली आणि मार्सेल नेहोराईसोबत उतरली. मी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेरच उभी होते. कचरा तसा फारसा नव्हता.

सवयीने मार्सेलचा हात चौकटीवर गेला. बोटांना दोन भोकं लागली.

"मजूझातली अक्षरं तपासायला दिलीत वाटतं?" तिनेच वाट काढून दिली.

"हो ना, कालच—" तिर्त्साच्या जिवात जीव आला.

"नाही काकू. बाबांच्या खिशात आहे." होदाया आतून पाटी घेऊन आली, साबणाच्या पाण्याने ओली झालेली. "आईने ही लपवली म्हणून त्यांनी ती काढली. आम्ही मानतो की मशीहा येऊन गेला. तुम्ही आत याल तेव्हा ही भिंतीवरच असेल."

"आई, मला माहीत होतं," नेहोराई पुटपुटला.

"इतके महिने गप्प बसलास ना? मग आताही बस." मार्सेल एल्कानाकडे वळली. "माशाचं नंतर बघू. ज्यूच्या दाराला मजूझा नाही आणि मी आत पाऊल टाकू? लावा आधी."

एल्काना घाईघाईने मजूझा बसवू लागला. एक स्क्रू माझ्या पायाशी घरंगळत आला.

"वरचं टोक घराकडे, अहो! आणि प्रार्थना कोण म्हणणार, मी?" मार्सेलने दटावलं.

त्याने म्हटली. ती संपते न संपते तोच मार्सेल खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाली. मग आपण कुणाच्या प्रार्थनेला आमेन म्हणालो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचे कान लाल झाले.

तिर्त्सा रडायच्या बेतात होती.

"रडू नका. लग्नाला हो म्हटलेलं नाही मी," मार्सेल आत शिरत म्हणाली. "पण नाही म्हणायचं तरी बसून म्हणावं लागतं. चहा कागदी पेल्यात द्या, तुमच्या घरातली भांडी मला चालतात की नाही तेही अजून ठरायचंय."